महिन्याअखेर हातात काय उरतं: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

सुरुवात करतेय. प्रश्न एका ओळीचा आहे, महिन्याचा सगळा खर्च जाऊन माणसाच्या हातात किती उरतं. मागच्या आठवड्यात ऑफिसात पगारवाढीच्या गप्पा चालल्या होत्या आणि मी सहज विचारलं की तुमचे महिन्याअखेर किती उरतात, तर पाच जणांत एकालाही आकडा सांगता आला नाही. "काय उरायचंय", "असतात थोडेफार", "मला तर कळतच नाही कुठे जातात", अशी उत्तरं. ही सगळी माणसं कामातले आकडे दशांश चिन्हापर्यंत तोंडपाठ सांगतात. आणि ते तिसरं उत्तर जिने दिलं तिच्या आवाजात जी शरम होती ती मला घरी आल्यावरही आठवत राहिली, हिशोब लागत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे असं तिला वाटत होतं. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून हे सगळं.

ठरवलंय ते असं. सात घरं, माझं धरून. तीन महिने. रक्कम कोणी कोणाला सांगायची नाही, हातात येणारा पैसा म्हणजे कर वगैरे कापून जो खात्यात पडतो तो १०० धरायचा आणि बाकी सगळं त्या १०० तलं किती एवढंच शीटवर टाकायचं. नाव नाही, घर १ ते घर ७. घर १ माझं. ताईचं घर २ (मावसबहीण, दोन मुलं), दादा-वहिनीचं घर ३, रिटायर झालेल्या आमच्या सरांचं घर ४, फ्रीलान्स काम करणारा मित्र घर ५, ती ऑफिसातली मैत्रीण घर ६, आणि नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं घर ७.

सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घेतला, "तुमच्या मते १०० तले किती उरतात". मी माझा लिहिला २५. तो पुसायचा नाही असं ठरलंय.

११ जानेवारी

शीटचे रकाने ठरवण्यात सगळा रविवार गेला. संयुक्त राष्ट्रांची घरखर्चाची एक वर्गवारी आहे, कॉइकॉप म्हणतात, १९९९ च्या आवृत्तीत घरांच्या खर्चाचे १२ मोठे विभाग होते, २०१८ च्या सुधारणेत १३ झाले. वाटलं आयतीच मिळाली. पण वापरायला घेतली आणि अडकले, कारण ती उपभोगाची वर्गवारी आहे. कर्जाच्या मुद्दलाला तिच्यात जागा नाही, कारण ते फेडणं म्हणजे उपभोग नाही. नातेवाईकांना पाठवलेल्या पैशांनाही नाही. देशाचा हिशोब करताना ते बरोबरच आहे, पण मला उपभोग मोजायचा नाहीये, मला हातात काय राहिलं ते बघायचंय आणि हातातून तर दोन्ही जातात.

शेवटी नऊ रकाने ठेवले. घर (भाडं किंवा हप्ता), किराणा, बिलं, प्रवास, मुलं, तब्येत, देणं (कर्ज, नातेवाईक, उसने), स्वतःसाठी, आणि "आठवत नाही". शेवटच्या रकान्यावर दादाने आक्षेप घेतला की असा रकाना ठेवला तर सगळे आळशीपणाने त्यातच टाकतील. मी ठेवला. खोटं नीट भरलेलं मला नको, खरं रिकामं चालेल.

घरखर्चाचे आकडे गोळा करायचा उद्योग तसा जुना आहे. १८५७ मध्ये अर्न्स्ट एंगल ह्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे हिशोब घेऊन दाखवलं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा वाटा अन्नावर जातो. उत्पन्न वाढलं की अन्नावरची रक्कम वाढते पण वाटा घटतो. हे वाचून आम्ही एकमेकांची शिल्लक तुलना करायची नाही असा नियम घातला, म्हणजे ज्याचे ६० जगण्यालाच जातात त्याचे १० उरणं आणि ज्याचे ३० जातात त्याचे १० उरणं ह्या एकसारख्या गोष्टी नाहीत, आकडा एकच असला तरी.

१९ जानेवारी

रोज लिहायचा कंटाळा आलाय सगळ्यांना. पहिल्या आठवड्यात नोंदी भरभरून, दुसऱ्यात निम्म्या. खर्चाची डायरी ठेवून घेणाऱ्या मोठ्या सर्वेक्षणांनाही हाच त्रास होतो, अमेरिकेतल्या सरकारी खर्च सर्वेक्षणात डायरी एकेका आठवड्याची, फक्त दोन आठवडे लिहून घेतात आणि मोठे खर्च वेगळ्या मुलाखतीत विचारतात. त्यामागचं कारण मला आत्ता हाताने कळलं.

वहिनींचा फोन आला. "हे बघ, मी रोज किराण्याचं लिहिते आणि तुझा दादा त्याचं काहीच लिहीत नाही, मग आकडे बघून असं वाटेल की घरात खर्च मीच करते." बरोबर आहे त्यांचं. जो लिहितो त्याचाच खर्च दिसतो. दादाशी बोलले, आता त्याचंही शीट वेगळं आणि दोन्हींची बेरीज म्हणजे घर ३.

२ फेब्रुवारी

जानेवारी बंद केला. शीटप्रमाणे माझ्याकडे १०० तले २७ उरले. अंदाजापेक्षा दोन जास्त! रात्री झोपताना सहज बँकेतली रक्कम बघितली आणि कळलं की काहीतरी चुकतंय.

म्हणून आज दुसऱ्या बाजूने मोजलं. महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळ्या खात्यांत मिळून किती होतं, अधिक पाकिटातली रोख, वजा कार्डावरची थकबाकी. शेवटच्या दिवशी तीच बेरीज. दोन्हींतला फरक म्हणजे खरं उरलेलं. तो निघाला १८. म्हणजे २७ आणि १८ ह्यांच्या मधले ९ कुठेतरी गेलेत आणि मी नोंदवलेले नाहीत, मी, जिने हा सगळा खटाटोप सुरू केला आणि जी रोज रात्री न चुकता लिहीत होती.

दोन तास बसून ९ पैकी ७ सापडले. ४ रोख, एकदाच मोठी रक्कम काढली आणि त्यातलं काय कुठे गेलं ते लिहिलंच नाही. ३ म्हणजे आपोआप कपात होणाऱ्या सेवा, ज्यांचं बटण मी कधीतरी वर्षापूर्वी दाबलंय आणि आता त्या दर महिन्याला कार्डावरून न विचारता जातात, खर्च केला असं वाटतच नाही कारण हाताने काही केलंच नाही. उरलेल्या २ चा पत्ता लागला नाही, ते "आठवत नाही" मध्ये.

सातही घरांना हे दुसरं मोजमाप करायला लावलं. सगळ्यांचं एकाच दिशेला चुकलं होतं, नोंदीतून निघालेली शिल्लक जास्त, खात्यातली कमी. फक्त घर ७ चं उलट आलं, कारण त्यांनी कार्डावरची खरेदीही लिहिली आणि मग कार्डाचं बिल भरलं तेही खर्च म्हणून लिहिलं. एकच पैसा दोनदा गेला. ही चूक फार सहज होते. बिल भरणं हा खर्च नाही, खर्च खरेदीच्या दिवशीच झालेला असतो, बिल म्हणजे नुसतं देणं फिटणं.

३ फेब्रुवारी

कार्डाचं अजून एक. बिलाची तारीख उलटल्यानंतर केलेली खरेदी पुढच्या बिलात जाते, त्यामुळे महिनाअखेर खात्यात जे दिसतं त्यातलं काही आधीच खर्च होऊन गेलेलं असतं. थकबाकी वजा करायचीच, बिल आलेलं असो नसो.

१५ फेब्रुवारी

सगळ्यात महत्त्वाचं काम आज केलं असं मला वाटतंय. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च.

विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची सर्व्हिसिंग, घरातली एखादी वस्तू बंद पडणं, दात, चष्मा, लांबचा प्रवास, कोणाच्या लग्नाची भेट, मालमत्तेचा कर. जानेवारीत माझ्याकडे ह्यातलं एकही नव्हतं. म्हणून १८ उरले. मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढून ह्या सगळ्यांची बेरीज केली तर आली १२०, म्हणजे एका महिन्याच्या पूर्ण उत्पन्नापेक्षा जास्त. बाराने भागलं, महिन्याला १०. खरी शिल्लक ८.

२५ अंदाज. २७ नोंद. १८ खातं. ८ खरं. हे चार आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत बसले. ह्यात मी कुठेही उधळपट्टी केलेली नाही. दर महिन्याला मी म्हणत आले की "ह्या महिन्यात जरा जास्त झालं, पुढचा महिना नॉर्मल", आणि बारा महिन्यांत नॉर्मल महिने मोजून तीन निघाले. नऊ महिन्यांत काही ना काही होतंच. जो महिना आपण साधा म्हणून डोक्यात धरतो तोच खरं तर अपवादाचा असतो.

हे काम स्मरणावर करू नका असं सगळ्यांना बजावलंय, स्टेटमेंट काढूनच करा. ताईने आठवून यादी केली होती तर तिच्या यादीत दोन मोठे खर्च दीड वर्षापूर्वीचे निघाले. मोठी खरेदी माणसाला होती त्याहून जवळची वाटते, १९६४ मध्ये नेटर आणि वाक्सबर्ग ह्या दोघांनी घरखर्चाच्या मुलाखती तपासून हेच दाखवलं होतं, टेलिस्कोपिंग म्हणतात त्याला, दुर्बिणीतून लांबची वस्तू जवळ दिसावी तसं. आणि छोट्या खर्चांचं बरोबर उलट, ते विसरले जातात. किती दिवसांचं विचारलं ह्यावर उत्तर बदलतं ह्याचं मोठं उदाहरण भारताच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या (ज्याच्या खर्चाच्या आकड्यांवरून देशातली गरिबी मोजायचे) १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीचं, तिथे अन्नावरचा खर्च एकाच फॉर्ममध्ये ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा दोन्ही विचारला, आणि त्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलना करता येते का ह्यावर अर्थतज्ज्ञांमध्ये कितीतरी वर्षं वाद चालला. गरिबी किती घटली हा एवढा मोठा प्रश्न, आणि तो अडकला कुठे तर माणसाला मागचं किती दिवसांचं आठवतं ह्यात.

१ मार्च

फेब्रुवारी बंद. ग्रुपवर आनंदीआनंद, सातपैकी सहा घरांत शिल्लक वाढली. घर ७ ने लिहिलं की "लिहायला लागलो की खर्च आपोआप कमी होतो हे सिद्ध झालं".

मला लगेच आनंद होईना म्हणून बसून पाहिलं. फेब्रुवारी २८ दिवसांचा, जानेवारी ३१ चा. भाडं, हप्ते, फी हे महिन्यावर चालतात पण किराणा, प्रवास, बाहेरचं असलं सगळं दिवसांवर चालतं. समजा दिवसांवर चालणारा खर्च १०० तला ४० आहे तर तीन दिवस कमी म्हणजे जवळपास ४ वाचले, काहीही न करता. घर ७ ची वाढ साधारण एवढीच होती. त्यांना सांगताना वाईट वाटलं पण सांगितलं. मार्चमध्ये ते परत जाणार आणि मग स्वतःला दोष देत बसतील, त्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

हाच घोळ आठवड्याचा. ताई आठवड्याला ठरावीक रक्कम किराण्याला काढते आणि महिन्याचं बजेट करताना त्याला चारने गुणते. वर्षात आठवडे ५२, बारा चोक ४८. चार आठवड्यांचा किराणा तिच्या बजेटमध्ये कुठेच नाही. ४.३३ ने गुण म्हटलं तर म्हणाली, "अगं, म्हणून काही महिन्यांत एकदम ओढाताण होते होय!" पाच आठवडी बाजार पडणारे महिने.

९ मार्च

घर ५ चा प्रश्न. त्याला महिन्याचं उत्पन्न असं नाहीच. जानेवारीत जे आलं त्याच्या तिप्पट फेब्रुवारीत, मार्चमध्ये आजपर्यंत शून्य. १०० धरायचे तरी कशाला? त्याने वैतागून शीट सोडायची भाषा केली, "तुमच्या पगारदारांचं हे शीट आहे, माझं नाही."

चूक माझी, शीट बनवताना मी फक्त पगाराचाच विचार केला होता. अमेरिकेत २०१२-१३ मध्ये जोनाथन मोर्डक आणि रेचल श्नायडर ह्यांच्या चमूने २३५ कुटुंबांचा जवळजवळ वर्षभराचा पैशाचा येण्याजाण्याचा हिशोब ठेवला, त्यात सरासरी कुटुंबाचे वर्षातले साधारण पाच महिने असे होते की उत्पन्न त्यांच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली. म्हणजे घर ५ काही विचित्र नाही. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रिडमनने १९५७ मध्ये मांडलं होतं की माणूस ह्या महिन्यात काय आलं ते बघून खर्च करत नाही, साधारण आपल्याला किती मिळत राहील ह्याचा अंदाज धरून करतो. पण त्यासाठी वाईट महिना काढायला हाताशी आधीचं काहीतरी लागतं ना. ते नसलं तर अंदाज कितीही बरोबर असो, उसने मागावे लागतात.

त्याच्यासाठी वेगळं केलं. मागच्या बारा महिन्यांत आलेलं सगळं एकत्र, भागिले बारा, ते त्याचे १००. चांगल्या महिन्यात त्याच्यावरचं जे येईल ते "उरलं" म्हणायचं नाही, ते पुढच्या शून्य महिन्याचं आहे, त्याला वेगळं खातं. आता त्याची शिल्लक ४ येतेय. फेब्रुवारीत त्याला वाटत होतं आपण श्रीमंत झालो.

१५ मार्च

घर ६. तीच, "कुठे जातात कळत नाही" म्हणणारी.

तिची शिल्लक ३. तिला वर्षानुवर्षं वाटत आलंय की आपण स्वतःवर उडवतो, कपडे, बाहेर जाणं. "स्वतःसाठी" ह्या रकान्यात तिचे सगळे मिळून ६ निघाले. सात घरांत सगळ्यात कमी. "देणं" ह्या रकान्यात १९. त्यातले ५ शिक्षणाच्या कर्जाचे आणि १४ आईवडिलांना. ते १४ पगाराच्या दिवशीच आपोआप जातात आणि तिच्या डोक्यात ते खर्च म्हणून नव्हतेच, बचत म्हणून तर नाहीतच, त्यांना नावच नव्हतं. त्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत जसा त्यांना रकाना नाही तसाच तिच्या मनातही नव्हता.

मी तिला सांगितलं की तू उधळी नाहीयेस, तू दोन घरं चालवतेस. ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने म्हणाली, "रकाना वेगळा करता येईल का? देणं नको म्हणूस त्याला." केला. आईबाबा असं लिहिलंय. हे देणं नाहीये हे तिचं म्हणणं मला मान्य आहे.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलरने १९८५ मध्ये मेंटल अकाउंटिंग मांडलं, माणूस डोक्यात पैशाची वेगवेगळी खाती करतो आणि एकाच रुपयाला वेगवेगळं वागवतो. ते बहुतेकदा माणसाची चूक म्हणून सांगतात. मला ह्या तीन महिन्यांत वाटलं की ज्या पैशाला डोक्यात खातंच नाही तोच जास्त त्रास देतो.

२२ मार्च

दादाशी वाद झाला, चांगला झाला. त्याची शिल्लक २. तो म्हणतो चूक आहे, "मी घराचा हप्ता ३८ भरतो त्यात मुद्दलही आहे ना, ते माझ्या घरात जातंय, ती बचतच आहे. तू मला कंगाल दाखवतेस."

त्याचं अर्धं बरोबर आहे. हप्त्यातला व्याजाचा भाग गेला, मुद्दलाचा भाग त्याच्या मालकीत जमा होतो (सुरुवातीच्या वर्षांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी, नंतर उलटतं, स्टेटमेंटवर दोन्ही वेगळे लिहिलेले असतात, ते बघायलाच हवेत). त्याच्या मुद्दलाचा भाग ११ निघाला. म्हणजे संपत्तीच्या हिशोबाने तो महिन्याला १३ बाजूला टाकतोय. पण उद्या दवाखान्यात पैसे भरायचे झाले तर भिंत विकून भरता येत नाही. त्या वेळी त्याच्याकडे २ च आहेत. वहिनी मागून म्हणाल्या, "मी हेच सांगत होते."

ह्याच्यावर नीट अभ्यास झालेला आहे. ग्रेग कॅप्लन, जियोव्हानी व्हायोलांते आणि जस्टिन वाइडनर ह्यांनी २०१४ मध्ये आठ देशांचे आकडे घेऊन दाखवलं की महिना आला महिना गेला अशा स्थितीत जगणाऱ्यांमध्ये मोठा भाग असा असतो की त्यांच्याकडे घर आहे, निवृत्तीची पुंजी आहे, फक्त हाताशी पैसा नाही. श्रीमंत पण हातावर पोट असलेले, असं काहीसं नाव त्यांनी दिलंय. दादाला हे पाठवलं. आता दोन ओळी ठेवल्यात सगळ्यांसाठी, "हातात उरलं" आणि "मालकीत वाढलं", आणि त्या दोन्ही एकमेकांत मिसळायच्या नाहीत.

५ एप्रिल

तीन महिने पूर्ण. सरासरी काढणार नाहीये. सात घरांची सरासरी म्हणजे सरांच्या घराचा आकडा सगळ्यांना वर ओढणार (सरांचं कर्ज संपलंय, मुलं मोठी झालीत, त्यांचे २९ उरतात). सातांना चढत्या क्रमाने लावून मधला बघितला तर तो ६. सरांचं घर काढून टाकलं तरी मधला फारसा हलत नाही, सरासरी मात्र धाडकन खाली येते. कुठेही "लोक सरासरी इतके वाचवतात" असं वाचलं की आधी मधला आकडा काय ते शोधावं. सात घरांवरून जगाबद्दल काहीच म्हणायचं नाहीये मला, आमच्या सात घरांबद्दलच म्हणतेय.

पण एक गोष्ट सात काय सत्तर घरांना लागू आहे कारण ती नुसतं गणित आहे. उरलेले पैसे हा आकडा आपण थेट मोजतच नाही, तो दोन मोठ्या आकड्यांच्या मधली फट असतो. माझं येणं १००, जाणं ९२, फट ८. खर्च मोजण्यात ५ टक्के चुकले तर ४.६ चा फरक, म्हणजे फट निम्म्याहून जास्त चुकली. आणि जे चुकीला लागू तेच महागाईला. पगार तिथेच राहिला आणि खर्च ६ टक्क्यांनी महागला तर ९२ चे ९७.५ होतात, ८ चे अडीच उरतात. बातमीत ६ टक्के आणि आपल्या हातात दोन तृतीयांश गायब. भाव थोडेसेच वाढलेत आणि मला एवढं का जाणवतंय असं ज्यांना वाटतं त्यांना बरोबर जाणवतंय. ज्याची फट ३ आहे त्याला तर त्याच ६ टक्क्यांत कर्ज काढावं लागतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घर ६ ला पगारवाढ मिळाली, ५ ची. तिची शिल्लक ३ ची ८ झाली. १०० चे १०५ झाले आणि उरलेलं अडीचपटीहून जास्त वाढलं. फट दोन्हीकडे अशीच वागते, हे लिहिताना बरं वाटलं.

१८ एप्रिल

प्रश्न बदलायचा का ह्यावर सगळ्यांनी बोलून घेतलं. सर म्हणाले, "किती उरतात ह्यापेक्षा उरलेले किती दिवस चालतील ते विचार." त्यांना नोकरीत असताना एकदा चार महिने पगार मिळाला नव्हता, तेव्हापासून ते असंच मोजतात.

गणित केलं. दर महिन्याला ५ उरत असतील तर एका महिन्याच्या खर्चाएवढं (९५) साठायला १९ महिने. १० उरले तर ९ महिने. २० उरले तर ४. माझ्या ८ ला साडेअकरा. ५ वरून १० वर गेलं की वेळ निम्म्याहून कमी, कारण साठतंही जास्त आणि पुरवायचा खर्चही कमी. हे टेबल शीटच्या वर चिकटवलंय.

अमेरिकेची मध्यवर्ती बँक २०१३ पासून दर वर्षी लोकांना विचारते की अचानक ४०० डॉलरचा खर्च आला तर तुम्ही कसा भागवाल. २०१३ मध्ये निम्मे लोक म्हणाले की हाताशी असलेल्या पैशातून किंवा तशाच मार्गाने, २०२३ मध्ये ६३ टक्के. मला त्यांचा आकडा नाही तर प्रश्न विचारायची पद्धत आवडली. "किती उरतं" विचारलं की माणूस अंदाज करतो किंवा लाजतो. "उद्या हे आलं तर कुठून देशील" विचारलं की तो खरंच विचार करून सांगतो. सातही घरांना विचारलं, रक्कम म्हणून प्रत्येकाच्या स्वतःच्या १०० तले २०. चार घरं म्हणाली हाताशी आहेत, दोन कार्डावर, घर ५ म्हणाला "तुझ्याकडे मागेन". घे म्हटलं.

अजून एक ठरलं, उरलं तर टाकू हे बंद. अर्थतज्ज्ञ केन्सच्या १९३६ च्या मांडणीत बचत म्हणजे उत्पन्नातून उपभोग गेल्यावर राहिलेलं, हिशोबाची ओळ म्हणून ते ठीकच आहे पण घरात तसं वागलं की राहतच नाही. थेलर आणि बेनार्त्झी ह्यांनी एका कंपनीत लोकांकडून आधीच कबूल करून घेतलं की पुढची पगारवाढ झाली की त्यातला काही भाग आपोआप बचतीत जाईल, आजच्या पगाराला हात नाही. सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली, २००४ मध्ये छापलंय त्यांनी. घर ६ ने वाढलेल्या ५ पैकी ३ असे लावले. मी वर्षाच्या खर्चाचे १० पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात टाकते आता, ते माझे नाहीतच असं धरून.

घर ५ आणि घर ३ ला मी काहीही सुचवलं नाही. ज्याच्या फटीत २ किंवा ४ आहेत त्याला आधी बचत बाजूला टाक म्हणणं मला जमत नाही. तिथे प्रश्न सवयीचा नाहीये, येणं कमी आहे किंवा घर महाग आहे.

३ मे

घर २. ताईच्या धाकट्याला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरा आहे. बिल विमा असूनही हातातून द्यावं लागलं, परत मिळेल म्हणतात, कधी ते कोणी सांगत नाही. तिच्या एप्रिलच्या शीटवर उणे ६१.

रात्री तिचा फोन होता. पहिल्यांदा मुलाचं सांगितलं, मग म्हणाली, "तुझ्या त्या वर्षाच्या खात्यात मी दोनच महिने टाकले होते, ते गेले. पण पहिले दोन दिवस कोणाला फोन करावा लागला नाही." पुढे म्हणाली की शीट बिघडलं तुझं. मी म्हटलं ताई, शीटला काय धाड भरलीये.

उणे ६१ तसंच ठेवलंय. विम्याचे पैसे येतील तेव्हा ज्या महिन्यात येतील त्या महिन्यात लिहायचे, मागे जाऊन एप्रिल दुरुस्त करायचा नाही. "येणं बाकी" असा एक रकाना वाढवला, त्यात ती रक्कम आणि अर्ज केल्याची तारीख. दादाने त्याच रकान्यात स्वतःहून एक ओळ टाकली, त्याने दोन वर्षांपूर्वी कोणाला तरी दिलेले उसने. वहिनींना ते आज कळलं.

सगळे म्हणाले थांबवू नको, वर्ष पूर्ण करू. पुढची बंद करायची तारीख १ जून, मे ३१ दिवसांचा आहे हे ग्रुपवर आधीच लिहून ठेवलंय.